एमबीएला आहे, पण प्रेझेंटेशन देताना स्लाइड वाचूनच दाखवतो. बोलणं कसं सुधारू?

तुम्ही लिहिलंय की कुडाळजवळच्या गावातून, मराठी माध्यमातून आलात, इंग्रजीत अडखळायला होतं म्हणून सगळं स्लाइडवर लिहून ठेवता. मी सिंधुदुर्गात काजू कारखान्यांचे कर्जप्रस्ताव तयार करतो, बँकेपुढे मांडतो आणि हाताखालच्या मुलांकडूनही मांडून घेतो. मला तरी यात इंग्रजीचा दोष कमी दिसतो. तुम्ही आधी स्लाइड करता आणि मग बोलायचं काय ते शोधता, खरी अडचण तिथे आहे.

लॅपटॉप उघडण्याआधी एकच ठरवा: माझं ऐकून झाल्यावर समोरच्याने काय ठरवायला हवं? आमच्याकडे नवीन मुलं पहिल्याच स्लाइडवर खर्चाचा अख्खा तक्ता टाकतात. मी तो काढायला लावतो आणि एवढंच सांगायला लावतो: साधारण चार किलो काजू बीतून एक किलो गर मिळतो. म्हणजे बी किलोमागे दहा रुपयांनी चढली की गराच्या किलोमागे कच्च्या मालाचा खर्च चाळीस रुपयांनी वाढतो. बी येते मुख्यतः मार्च ते मे, कारखाना मात्र वर्षभर चालवायचा. म्हणून हंगामात खरेदीसाठी खेळतं भांडवल हवं. कर्जाची मागणी आपोआप पटते, कारण ती आकड्यातूनच निघाली. तक्ता छापून हातात द्या, ज्याला हवा तो बघेल.

तुमचाही विषय काजूचा असेल आणि वर्गात कोकणाबाहेरची मुलं असतील, तर ‘डब्ल्यू १८०’, ‘डब्ल्यू ३२०’ या काजूगराच्या प्रती म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसणार. एका पौंडात साधारण तितके अख्खे गर बसतात, म्हणून आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. हे फोटोत दाखवू नका, दोन्ही प्रतींचे मूठभर गर घेऊन जा आणि फिरवा.

आता सरावाचं. पाठांतर करू नका, एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं जातं. कार्तिकापासून आपल्याकडे जत्रा सुरू होतात, तेव्हा दशावताराचा, म्हणजे आपल्या लोकनाट्याचा, एखादा खेळ या नजरेने बघा. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कधी प्रवेश करणार ते ठरतं, संवाद मात्र नट तिथेच रचतो. त्याला कथा इतकी पक्की ठाऊक असते की समोरच्याने काहीही टाकलं तरी तो धागा सोडत नाही. तुम्हीही पाच-सहा टप्पे पक्के करा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत बोला. पहिल्यांदा मालवणीतच, घरात आईला किंवा काजू घेणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याला सांगा. व्यापारी उत्तम, तो मध्येच तोडून विचारतो. मालवणीत नीट सांगता आलं की इंग्रजीत फक्त शब्द शोधावे लागतात, विचार नाही. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं घोकून ठेवा. उच्चाराची लाज तर अजिबात बाळगू नका; सावकाश आणि स्पष्ट बोललात की कुठल्याही गावचा उच्चार कळतो.

स्लाइडचं थोडक्यात: अक्षरं तीस पॉइंटपेक्षा लहान नकोत, मग परिच्छेद मावतच नाहीत. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड चालू असताना कीबोर्डवरचं ‘बी’ हे अक्षर दाबलं की पडदा काळा होतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात. महत्त्वाचा मुद्दा तेव्हा बोला. पावसाळ्यात वीज गेली तरी बोलता यावं म्हणून एकदा स्लाइडशिवाय पूर्ण सराव कराच.

प्रश्नांची भीती वाटते असंही तुम्ही म्हणता. मित्राला सांगून दहा वाईटात वाईट प्रश्न काढून घ्या: भाव पडला तर? आयात बी स्वस्त मिळाली तर? बहुतेक खरे प्रश्न त्यातलेच निघतात. एखादा नसलाच, तर अंदाजाने आकडा ठोकू नका. ‘तपासून उद्या कळवतो’ म्हणा, वहीत त्यांच्यासमोर लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी खरंच कळवा. बँकेतले साहेब याची फार बारीक नोंद ठेवतात, तुमचे प्राध्यापकही ठेवत असतील.