‘वर्धक’ की ‘कळ’?

अमळनेरच्या एका शिक्षिकेने विचारलंय: बारावीच्या टिपणांत ‘एन्हान्सर’ला (जनुक कुठे, केव्हा, किती चालवायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) ‘वर्धक’ लिहिलं, तर एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हे कृषी केंद्रात मिळतं का?” मग दुसरा शब्द कोणता? आणि जनुक ‘चालू होतं’ म्हणावं की ‘जागं होतं’?

पोराचं काय चुकलं? कापूसवाल्या घरात वर्धक म्हणजे फवाऱ्याची बाटलीच. ध्वनिवर्धक, शक्तिवर्धक... आहे त्यात भर घालतो तो वर्धक. १९८१ साली शब्द चपखल होता: एसव्ही ४० विषाणूच्या डीएनएचा तुकडा जोडल्यावर ग्लोबिनच्या जनुकाचं काम सुमारे २०० पट वाढलं. पण गर्भात प्रश्न ‘किती’पेक्षा ‘कुठे नि केव्हा’ असा असतो. ‘सॉनिक हेजहॉग’ जनुक हाताच्या कोंबात करंगळीच्या बाजूला चालवायचं, ते ठरवणारा तुकडा त्याच्यापासून डीएनएची सुमारे १० लाख अक्षरं लांब, दुसऱ्याच जनुकाच्या पोटात बसलाय. त्यातलं एखादं अक्षर बदललं तरी जनुक भलतीकडेही चालतं आणि अंगठ्याच्या बाजूला जादा बोट फुटू शकतं. मळ्यातली मोटर घरून मोबाईलवर सुरू करणाऱ्याला हे लांबून चालवणं वेगळं सांगायला नको.

म्हणून मला ‘कळ’ (बटण या अर्थी) हा शब्द आवडतो. फक्त ही कळ एका बोटाची नाही. मोटरचा स्टार्टर आठवा, हिरवं बटण नि लाल बटण. फळमाशीच्या गर्भात ‘ईव्हन-स्किप्ड’ जनुक पट्ट्यापट्ट्यांत चालतं; त्यातला दुसरा पट्टा उमटवणाऱ्या तुकड्यावर बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं हिरवं दाबतात, जायंट आणि क्रूपेल लाल. हिरवं दाबलेलं आणि लाल मोकळं, अशा चिंचोळ्या जागेतच पट्टा उमटतो. म्हणजे कळ दाबत नाही, दाबली जाते. वाक्यातही तसंच लिहा.

काम संपल्यावर बरेचदा डीएनएचा तो भाग हिस्टोनांवर, म्हणजे रिळासारख्या प्रथिनांवर, घट्ट गुंडाळला जातो. त्याला ‘बंद’पेक्षा ‘मिटला’ बरं. लाल बटण हा थांबा झाला, हे तर स्टार्टरच्या पेटीलाच कुलूप.

परीक्षेसाठी ‘वर्धक’ राहू द्या, फळ्यावर ‘कळ’ वापरा. ‘जागं होतं’ नको, जाग आपली आपण येते. ‘चालू होतं’ ठीक. आमच्याकडे ‘लाईट उनी (आली) का?’ विचारतात, तितकंच सरळ. ‘चालू जनुक’ मात्र लिहू नका, वर्ग तासभर हसत बसेल.