कृत्रिम खुब्याजवळ हाड मोडलं, तर एम९७ (कृत्रिम सांध्याभोवतीच्या फ्रॅक्चरचा कोड) आधी की फ्रॅक्चरचा कोड आधी?

आधी फ्रॅक्चरचा कोड, मग एम९७. अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएममध्ये (आजारांच्या कोडांची यादी) एम९७खालीच सूचना आहे: फ्रॅक्चरचा प्रकार आणि कारण माहीत असेल तर ते आधी लिहा. पडल्यामुळे उजव्या मांडीचं हाड ट्रोकॅन्टरखाली (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उंचवटा) मोडून सरकलं, जखम बंद, पहिले उपचार चालू: एस७२.२१एक्सए, त्यानंतर एम९७.०१एक्सए. गुडघा असेल तर एम९७.११ उजवा, एम९७.१२ डावा.

हाडाऐवजी इम्प्लांटच तुटलं असेल, तर टी८४.०१- (शेवटची रेघ म्हणजे पुढे आणखी अंक येतात) बघा, इथेच सर्वाधिक गल्लत होते. शस्त्रक्रियेत इम्प्लांट बसवताना हाड मोडलं, तर एम९६.६-.

मात्र ऑस्टिओपोरोसिसचा (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) रुग्ण किरकोळ पडला आणि निरोगी हाड तेवढ्याने मोडलं नसतं, तर एस७२ (मांडीच्या हाडाचं दुखापतीने झालेलं फ्रॅक्चर) नको, एम८० (ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेलं फ्रॅक्चर) घ्या.