क्ष कापायचा कधी?

प्रश्न : बाई, माझी मुलगी नववीत आहे. (क्ष + ३)/(क्ष + ५) यातले वरखालचे क्ष कापून तिने ३/५ असं उत्तर काढलं. ते चुकलंय हे मला कळतं, पण का चुकलं ते समजावता येत नाही. मग ३क्ष/५क्ष मधला क्ष कापलेला कसा चालतो, असं ती विचारते.
— एक आई

उत्तर : मुलगी नेमकं विचारते आहे, तिला गप्प करू नका. आधी क्षच्या जागी २ ठेवायला सांगा. ५/७ येतात. मग १०० ठेवू द्या. १०३/१०५, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक. ३/५ कुठे राहिले? याउलट ३क्ष/५क्ष मध्ये शून्य सोडून कोणतीही संख्या घाला, ३/५ च येतात.

घोटाळा ‘कापणे’ या शब्दात आहे. आपण खरं तर काहीच कापत नाही, अंशाला आणि छेदाला एकाच संख्येनं भागतो. आणि भागायचं तर सगळ्या अंशाला भागावं लागतं. क्ष + ३ ला क्षनं भागलं की १ + ३/क्ष उरतात. तुमच्या मुलीनं क्ष नुसता पुसून टाकला आणि ३ ला तसंच सोडून दिलं. ३क्ष मध्ये मात्र क्ष गुणलेला आहे, तिथे तो पुरता निघून जातो.

शिकवायला लागले त्या वर्षीची एक वही मला अजून आठवते. १६/६४ मधले दोन्ही ६ कापून मुलानं १/४ लिहिलं होतं. उत्तर बरोबर! मी खूण केली आणि पुढे गेले. पुढच्या गणितात त्यानं १३/३५ मधले ३ कापून १/५ लिहिलं, तेव्हा मी थबकले. १६ म्हणजे १० + ६ आणि ६४ म्हणजे ६० + ४. दोन्हीकडे बेरीजच, फक्त चिन्ह दिसत नाही. १६/६४ चं उत्तर योगायोगानं जुळलं होतं. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी जवळ बसवून हे सांगितलं. तेव्हापासून नुसतं उत्तर पाहून मी खूण करत नाही.

बैजिक अपूर्णांकात म्हणूनच आधी अवयव पाडायचे. (क्ष² − ९)/(क्ष² + ३क्ष) घ्या. वर (क्ष − ३)(क्ष + ३), खाली क्ष(क्ष + ३). आता क्ष + ३ हा अख्खा कंस दोन्हीकडे गुणलेला आहे, त्यानं भागा. उरलं (क्ष − ३)/क्ष. क्ष = ६ ठेवून ताळा करा : २७/५४ आणि ३/६, दोन्ही निम्मे.

उत्तराशेजारी ‘क्ष ० नाही, −३ ही नाही’ हे तिला लिहायला लावाच. पुष्कळ मुलं ते गाळतात, आणि मला ते फार खटकतं. संक्षिप्त रूपात −३ ठेवलं तर २ मिळतात. मूळ अपूर्णांकात ठेवलं तर वर शून्य, खाली शून्य. हे तिचं तिलाच करून पाहू द्या.