गणिताची पत्रपेटी : आधी एकाला थांबवा

प्रश्न : मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. वेग आणि अंतराची सूत्रं मला तोंडपाठ आहेत. समोरासमोर येत असतील तर बेरीज, एकाच दिशेला जात असतील तर वजाबाकी. तरी उत्तर चुकतं. हे गणित पाहा. दोन गावांमध्ये ३३० किमी अंतर आहे. पहिल्या गावाहून सकाळी ७ वाजता एक गाडी ताशी ६० किमी वेगाने निघते. दुसऱ्या गावाहून ८ वाजता दुसरी गाडी तिच्या दिशेने ताशी ७५ किमी वेगाने निघते. दोन्ही किती वाजता भेटतील? मी ३३० ला १३५ ने भागलं. साधारण २ तास २७ मिनिटं आली, ती सातमध्ये मिळवली. पर्यायांत ९:२७ दिसलं म्हणून तिथेच खूण केली. उत्तरपत्रिकेत मात्र १० आहे. कुठे चुकले मी?

उत्तर : तुझी बेरीज बरोबर, भागाकारही बरोबर. घोटाळा त्या ३३० मध्ये आहे. सात ते आठ या तासात दुसरी गाडी जागची हललेलीच नाही. त्या तासात दोघींमधलं अंतर फक्त ६० ने कमी झालं. आठ वाजता उरलं २७० किमी. दोन्ही गाड्या आता कुठे धावू लागल्या, म्हणून यापुढे अंतर तासाला १३५ ने मिटणार. २७० भागिले १३५, म्हणजे दोन तास. आठ आणि दोन, दहा. पडताळून बघ : पहिली गाडी तीन तासांत १८० किमी आली, दुसरी दोन तासांत १५०. बेरीज ३३०.

पर्यायांत ९:२७ होतं म्हणून तू निर्धास्त झालीस, यात नवल नाही. प्रश्न काढणारे ही चूक ओळखून असतात आणि तिचं उत्तर मुद्दाम पर्यायांत ठेवतात. आपलं उत्तर यादीत सापडलं, एवढ्यावर विसंबून कधीच खूण करू नकोस.

वर्गात मी सुरुवातीला बेरीज-वजाबाकीचा नियम सांगतच नाही. फळ्यावर एक आडवी रेघ ओढते, तिच्यावर दोन ठिपके काढते आणि दोनच गोष्टी विचारते : या घटकेला दोघांत अंतर किती आहे? आणि ते तासाला कितीने कमी किंवा जास्त होतंय? ‘या घटकेला’ यावर माझा भर असतो, कारण दोघंही चालू लागल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरत नाही. वेगवेगळ्या वेळी निघालेल्यांच्या गणितात म्हणूनच घड्याळ आधी उशिरा निघालेल्याच्या वेळेवर आणायचं आणि मग हिशेब सुरू करायचा.

मग एकाला मनातल्या मनात थांबवायचं. पहिल्या गाडीत बस आणि ती उभीच आहे असं समज. समोरची गाडी तुझ्याकडे ताशी १३५ ने येताना दिसेल. हे केवळ सोयीसाठी मानलेलं नाही. गॅलिलिओने १६३२ साली छापलेल्या त्याच्या प्रसिद्ध संवादात जहाजाच्या बंद खोलीचा दाखला दिला आहे. जहाज न हिंदकळता एकाच वेगाने चाललं असेल, तर आत ठिबकणाऱ्या पाण्याकडे किंवा उडणाऱ्या फुलपाखरांकडे कितीही बघा, जहाज चालतंय की उभं आहे हे कळणार नाही. म्हणजे स्थिर कोणाला म्हणायचं, हे आपल्या हातात आहे. हे एकदा मनात बसलं की बेरीज कधी आणि वजाबाकी कधी, हे आठवत बसावं लागत नाही.

एक जागा मात्र जपायची. चोर पोलिसापेक्षा ३०० मीटर पुढे आहे, चोराचा वेग ताशी ९ किमी, पोलिसाचा १२. चोराला थांबवलं तर पोलीस ताशी ३ किमीने त्याच्याकडे येतो. ०.३ किमीला ०.१ तास, म्हणजे ६ मिनिटं. आता प्रश्न विचारतो, ‘पकडला जाईपर्यंत चोर किती पळाला?’ इथे बरीच मुलं तो ३ पुन्हा वापरतात आणि ३०० मीटर लिहून मोकळी होतात. अगं, ३०० मीटर तर सुरुवातीचंच अंतर होतं! चोराला आपण मनात थांबवलं होतं, रस्त्यावर तो पळतच होता. वेळ काढून झाली की त्याचा स्वतःचा वेग त्याला परत द्यायचा : ९ गुणिले ०.१, म्हणजे ९०० मीटर.

प्रश्न : आगगाड्यांच्या गणितात कधी एकाच गाडीची लांबी घेतात, कधी दोन्हींची. याचा काही नियम आहे का? मी पुस्तकातली सगळी उदाहरणं सोडवली, पण नवीन प्रश्न आला की अडतो.

उत्तर : अशी उदाहरणं प्रकारांत वाटून शिकवली जातात : खांबाचं, प्लॅटफॉर्मचं, समोरून येणाऱ्या गाडीचं, मागून येणाऱ्या गाडीचं. मला ही वाटणी पटत नाही. प्रकार पाठ होतात, आणि प्रश्नाची भाषा जरा बदलली की हाती काही उरत नाही.

एक प्रसंग घेऊ. तुमची गाडी ताशी ५४ किमी वेगाने जाते आहे, लांबी २२० मीटर. शेजारच्या रुळावर समोरून १८० मीटरची मालगाडी ताशी ३६ ने येते आहे. तुम्ही खिडकीशी बसला आहात. मालगाडी तुमच्यासमोरून जायला किती वेळ लागेल? स्वतःला थांबवा. मालगाडी ताशी ९० ने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने तुमच्यापुढून सरकते. (किमी-तासाचं मीटर-सेकंद करायला ५/१८ ने गुणा. हे मात्र पाठच हवं.) इंजिन तुमच्या नजरेसमोर आलं तेव्हा घड्याळ सुरू, शेवटचा डबा गेला तेव्हा बंद. तेवढ्यात सरकली फक्त मालगाडीची लांबी. १८० भागिले २५, म्हणजे ७.२ सेकंद. तुमची गाडी २२० मीटरची असो की २ किलोमीटरची, या उत्तराला त्याचं काही देणंघेणं नाही.

आता विचारलं, की दोन गाड्यांना एकमेकींना पूर्ण ओलांडायला किती वेळ लागेल? तेव्हा घड्याळ सुरू होतं दोन इंजिनांची टोकं समोरासमोर आल्यावर, आणि थांबतं दोघींचे शेवटचे डबे सुटल्यावर. तुमची गाडी उभी धरा. मालगाडीचं इंजिन आधी तुमच्या गाडीची पूर्ण लांबी कापेल, आणि मग तिचा मागचा भाग तिथून बाहेर पडेल. एकूण ४०० मीटर. वेळ १६ सेकंद. म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं ते एवढंच : घड्याळ कोणत्या क्षणी सुरू झालं, कोणत्या क्षणी थांबलं, आणि त्या दोन क्षणांमध्ये कोण कोणापुढून किती सरकलं?

हीच मालगाडी तुमच्याच दिशेने जात असेल आणि तुमची गाडी तिला मागे टाकत असेल, तर वेगातला फरक ताशी १८, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. तेच ४०० मीटर कापायला ८० सेकंद लागतात.

हे गणित उलटं करूनही विचारतात. लांब्यांची बेरीज ४०० मीटर, समोरासमोर १६ सेकंद, एकाच दिशेत ८० सेकंद, तर दोघींचे वेग किती? ४०० ला आळीपाळीने १६ आणि ८० ने भागा. वेगांची बेरीज २५, फरक ५. मोठा वेग १५, लहान १०. पूर्ण समीकरण मांडायची गरजच पडत नाही, आणि परीक्षेत वेळ वाचतो.

प्रश्न : जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०. सरासरी वेग ५० का येत नाही?

उत्तर : कारण ताशी ४० च्या वेगाने तुम्ही जास्त वेळ चालता. अंतर १२० किमी धरा. जायला ३ तास, यायला २. एकूण २४० किमी, ५ तास, सरासरी ४८. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ चालला असतात, तर ५० आलं असतं.

प्रश्न : एक नावाडी प्रवाहाविरुद्ध वल्हवत चालला आहे. पुलाखाली त्याची टोपी पाण्यात पडते. १५ मिनिटांनी ते त्याच्या लक्षात येतं, तो लगेच वळतो आणि पुलाच्या १ किमी खाली टोपी गाठतो. नदीचा वेग किती? नावेचा वेग दिलेलाच नाही. प्रश्न अपुरा आहे ना?

उत्तर : अपुरा नाही. मला हे गणित फार आवडतं, कारण इथे कोणाला थांबवायचं ही निवडच सगळं काम करते. किनाऱ्यावर उभं राहून सोडवायला गेलात तर नावेचा वेग क्ष, नदीचा य, दोन समीकरणं, आणि शेवटी क्ष आपोआप गळून पडतो. तो का गळतो, ते मात्र कळत नाही.

त्यापेक्षा पाण्याला थांबवा. टोपी पाण्याबरोबरच वाहते, म्हणून पाण्याच्या हिशेबाने ती जिथे पडली तिथेच आहे. नावाडी तिच्यापासून १५ मिनिटं लांब गेला. वळला, तेवढ्याच जोराने वल्हवत आला, म्हणून परतीलाही १५ मिनिटंच. एकूण अर्धा तास. आता किनाऱ्याकडे बघा : या अर्ध्या तासात टोपी पुलापासून १ किमी वाहत आली. नदीचा वेग ताशी २ किमी.

यात एक अट गृहीत आहे, ती प्रश्नात शोधा : नावाड्याचा वल्हवण्याचा वेग जाता-येता सारखाच हवा. ‘परतताना त्याने दुप्पट वेगाने वल्हवलं’ असं वाक्य दिसलं, तर परतीला साडेसात मिनिटं धरा आणि पुढचा हिशेब तसाच करा.