फोन अनलॉक आणि कॉपीराइट: सह्या गोळा करण्याआधी मागणी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भावाने न्यू जर्सीत घेतलेला, हप्ते फिटलेला फोन पुण्यात आणला, तर इथलं सिम चालेना. हे कुलूप तोडण्याचा संबंध तिथल्या कॉपीराइट कायद्याशी कसा काय, आणि त्याच्या विद्यापीठातली मुलं त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढताहेत तिचा उपयोग होईल का? उपयोग होतो. एकदा झालेलाही आहे. पण तेव्हा नेमकं काय मिळालं आणि काय राहून गेलं, हे त्या मुलांनी समजून घ्यायलाच हवं.

आधी कुलूप कसं असतं ते बघा. सिममध्ये एक ओळखक्रमांक असतो. त्याचे पहिले पाच-सहा आकडे देश आणि नेटवर्क सांगतात. भारताची सुरुवात ४०४ किंवा ४०५ ने होते, अमेरिकेची ३१० किंवा ३११ वगैरेने. फोनमधला फर्मवेअर (कंपनीने आत बसवलेला मूळ प्रोग्रॅम) हे आकडे वाचतो आणि आपल्या यादीत नसले की नेटवर्क देत नाही. कुलूप म्हणायचं ते एवढंच.

अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याचं कलम १२०१ असं सांगतं की कॉपीराइट असलेल्या कृतीवरचं (सिनेमा, गाणं, प्रोग्रॅम अशा निर्मितीवरचं) तांत्रिक कुलूप तोडणं हाच गुन्हा, मग नक्कल केलेली असो वा नसो. सिनेमे आणि गाण्यांच्या चोरट्या प्रती थांबवायला केलेला कायदा. पण फर्मवेअर हाही प्रोग्रॅमच, म्हणून तोही कॉपीराइट असलेली कृती ठरतो. अशा रीतीने आपल्याच पैशाच्या फोनमध्ये दुसरं सिम चालवणं त्या कलमाखाली येऊ शकतं. जाणूनबुजून, कमाईसाठी केलं तर पहिल्याच गुन्ह्याला ५ लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला आजही हे वाचून संताप येतो.

यावर उतारा म्हणून दर तीन वर्षांनी सुनावणी होते आणि कॉपीराइट ऑफिसच्या शिफारशीवरून लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख ग्रंथपाल काही सवलती देतात. फोन अनलॉकची सवलत २००६ आणि २०१० मध्ये मिळाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये मात्र नवीन फोनांसाठी ती नाकारली गेली. बाजारात अनलॉक फोन मिळतात, कंपन्याही मागितलं की कुलूप काढून देतात, असं एक कारण दिलं. २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनला सवलत संपली.

तेव्हा सीना खानिफर नावाच्या तरुणाने व्हाइट हाउसकडे ऑनलाइन याचिका टाकली. कॉलेजात असताना अमेरिकेतला फोन इंग्लंडमध्ये चालेना म्हणून त्याने फोन अनलॉक करून देण्याचा छोटा धंदा काढला होता आणि मोटोरोलाच्या वकिलांची नोटीस झेलली होती. म्हणजे तुमच्या भावाचीच अडचण. व्हाइट हाउसने नुकतीच सह्यांची अट २५ हजारांवरून १ लाखावर नेली होती. याचिकेला महिन्याभरात १ लाख १४ हजारांहून जास्त सह्या मिळाल्या. ४ मार्च २०१३ ला व्हाइट हाउसने अनलॉक करणं कायदेशीर व्हावं असं स्पष्ट उत्तर दिलं.

पुढचा भाग मुलांना नीट वाचायला द्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात अनलॉकिंगला परवानगी देणारं विधेयक २९५ विरुद्ध ११४ मतांनी मंजूर झालं, पण त्यात ऐनवेळी एक वाक्य घुसवलं होतं: घाऊक अनलॉकिंगला ही सूट लागू नाही. जुने फोन गोळा करून, दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्यांचे हातच बांधले गेले असते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि पब्लिक नॉलेज या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांनी त्यावर पाठिंबा काढून घेतला, आणि योग्यच केलं. सिनेटच्या मसुद्यात ते वाक्य नव्हतं. तोच मसुदा दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांची सही झाली.

मिळालं काय? जुनी सवलत परत आली, आणि मालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या कोणीही अनलॉक करून द्यायला मुभा मिळाली. २०१५ मध्ये सवलतीत टॅब्लेटसारखी उपकरणं आली, २०१८ मध्ये नवे कोरे फोनही. पण सगळं अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखं: मुदत संपली की पुन्हा अर्ज. शिवाय सवलत कुलूप उघडण्यापुरतीच आहे. उघडण्याचं साधन बनवणं-विकणं याला कलम १२०१ ची बंदी तशीच आहे. नव्या फोनांत तर कुलूप कंपनीच्या सर्व्हरवरून चालतं. हक्क कागदावर असला तरी तो बजावायचा कसा?

खरी दुरुस्ती मागितली होती ती प्रतिनिधिगृहाच्या सदस्य झोई लॉफग्रेन यांनी, मे २०१३ च्या विधेयकात. कॉपीराइटचा भंग होत नसेल तर कुलूप तोडणं गुन्हा नाही, आणि त्यासाठीची साधनंही चालतील. ते विधेयक पुढे सरकलंच नाही. गंमत म्हणजे, ही कल्पना आपल्याकडे बऱ्याच अंशी कायद्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ शिक्षा सांगतं ती हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला. मुलांनी आपल्या निवेदनात हे उदाहरण जरूर द्यावं. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना कुलूपबंद फोन विकायलाच मनाई केली, ती दूरसंचार नियामकांमार्फत. तो दुसरा रस्ता आहे, आणि मला तो जास्त उपयोगी वाटतो, कारण तिथे ग्राहकाला काही तोडावंच लागत नाही.

म्हणून सह्या घेताना 'फोन अनलॉक करू द्या' एवढंच लिहू नका. ते मिळालेलं आहे आणि उत्तरही तेवढंच येईल. 'कलम १२०१ मध्ये हक्कभंगाच्या हेतूची अट घाला आणि साधनांवरची बंदी उठवा' असं लिहा. विधेयकाची प्रत्येक नवी प्रत शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला दोन जण नेमा.

भावासाठी: हप्ते फिटले असतील तर आधी कंपनीकडे अनलॉकचा अर्ज करायला सांगा, बहुतेकदा काम होतं. नकार आला तर तो लेखी मागा. सवलतींची पुढची फेरी २०२७ ची आहे आणि अर्ज त्याच्या बरेच आधी मागवतात. तिथे पावती, हप्ते फिटल्याचं पत्र आणि असा लेखी नकार हाच पुरावा असतो.