आरती चारी बाजूंनी ऐकू यावी म्हणून

प्रश्न : इंदूरला आमच्या घरी गणपतीसमोर सगळे गोलाकार उभे राहून आरती म्हणतात. मोबाइलवर मात्र सगळा आवाज एकाच जागेवरून येतो. असं का? – एक वाचक

उत्तर : एकट्या माइकच्या ध्वनिमुद्रणात दिशा उरत नाही. डावीकडची झांज उजव्या कानाला सेकंदाच्या सुमारे १५००व्या भागाइतकी उशिरा आणि किंचित मंद पोचते, त्यावरून आपण दिशा ओळखतो. १९७०च्या दशकात मायकेल गर्झन आणि पीटर क्रेव्हन या ब्रिटिश ध्वनिसंशोधकांनी चार माइक चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) चार पृष्ठांवर बसवले. चारही ध्वनींच्या बेरीज-वजाबाकीतून पुढचं-मागचं, डावं-उजवं, वरचं-खालचं वेगळं काढता येतं आणि हेडफोनवर पुन्हा मांडता येतं. असा माइक घोळक्याच्या मधोमध, कानाच्या उंचीवर ठेवा. समईजवळ नको, तिथे टाळ्या अंगावर येतात. माझ्याकडच्या अशा एका मुद्रणात आईचा आवाज मागून, उजवीकडून येतो. ती तिथेच उभी राहायची.