एकही क्लायंट नसताना पोर्टफोलिओत दाखवायचं काय?

तुम्ही लिहिलंय की शहाद्यात राहून ग्राफिक डिझाइनचा कोर्स संपवला, त्याला सहा महिने झाले. ज्याच्याकडे जावं तो 'आधी केलेलं काम दाखवा' म्हणतो, आणि कामच मिळालं नाही तर दाखवायचं काय? शिवाय पुण्याला निघून जावं का, असंही विचारलंय.

पुण्याचं नंतर बघू. आधी माझी फजिती सांगतो, कारण तुमची पोर्टफोलिओची, म्हणजे कामाच्या नमुन्यांची, फाइल आज कशी दिसत असेल याचा मला थोडाफार अंदाज आहे.

मी मूळचा अमळनेरचा. जळगावात एका ऑफसेट प्रेसमध्ये दोन वर्षं लग्नपत्रिका आणि बिलबुकं लावली आणि मग नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं. रात्री जागून पंधरा पानांची फाइल तयार केली. कॉफीचा कप आणि त्यावर लोगो, काळ्या टी-शर्टवर लोगो, काचेच्या इमारतीवर लोगो. सगळ्या कंपन्यांची नावं इंग्रजी, आणि त्यातली एकही पृथ्वीतलावर नाही. ती फाइल घेऊन सावद्याला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे गेलो. अंगठ्याने भराभर पानं सरकवत त्यांनी विचारलं, "हे कॉफीचं दुकान कुठंय?" मी म्हटलं, काल्पनिक आहे काका. "म्हणजे हे तुला कोणी करायला सांगितलंच नव्हतं." फोन परत दिला, चहा पाजला, वाटेला लावलं.

बरेच दिवस मला वाटत होतं की त्यांचा आक्षेप 'काल्पनिक' या शब्दाला होता. तसं नव्हतं. त्यांच्या पाठीमागे खोक्यांची थप्पी लागलेली होती, समोर पोरं केळीच्या फण्या धुऊन भरत होती, आणि मी त्यांना कॉफी दाखवत होतो. मी त्यांच्या धंद्यात काय करून देऊ शकतो याचं एकही चिन्ह त्या पंधरा पानांत नव्हतं.

घरी येऊन मी केळीचं खोकं करायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, तेव्हा हेही काल्पनिकच. पण यावेळी माप खरं घेतलं: बाहेरदेशी जाणारी तेरा-साडेतेरा किलोची पेटी. नाव माझ्या मनाचं. पिवळाधमक रंग, हिरव्याकडे सरकत जाणारी छटा, कोपऱ्यात भौगोलिक मानांकनाची खूण, कारण जळगावच्या केळीला २०१६ साली ते मानांकन मिळालंय आणि मला त्याचा अभिमान. प्रिंट काढून एमआयडीसीतल्या एका खोकी बनवणाऱ्याला दाखवलं. माणूस पोट धरून हसला. मग त्याने जे सांगितलं ते कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

पहिलं, तपकिरी क्राफ्ट कागदावर पिवळा रंग पिवळा दिसत नाही. शाई पातळ असते, खालचा कागद वर येतो आणि केळी मातकट होते. दुसरं, छपाई रबराच्या ठशाने होते, ते लोक त्याला स्टीरिओ म्हणतात. रबर दाबलं की फुगतं, म्हणून बारीक रेघ जाड होते आणि गडद पट्टीत पांढरी ठेवलेली छोटी अक्षरं बुजून जातात. छटा तर विसरायचीच, एक नाहीतर दोन रंग, तेही सपाट. तिसरं, माल श्वास घ्यावा म्हणून पेटीला भोकं असतात, आणि त्यातलं एक बरोब्बर माझ्या लोगोच्या मधोमध येत होतं. चौथं, ती मानांकनाची खूण नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्यालाच लावता येते, वाटेल त्या खोक्यावर नाही.

त्या खोक्याचं डिझाइन मी तीनदा केलं. शेवटचं गडद हिरव्या आणि लाल अशा दोन रंगांत, अक्षरं ठसठशीत, आणि हवेचं भोक चित्रातच जिरवलं: फणीच्या देठाशी ते असं बसवलं की मुद्दाम ठेवल्यासारखं वाटावं. त्या खोकेवाल्यानेच कोरी पेटी दिली, तिच्यावर स्क्रीन प्रिंट करून घेतली, गच्चीवर उन्हात ठेवून फोटो काढले. फाइलीत डाव्या पानावर पहिलं पिवळं खोकं, उजव्यावर शेवटचं, आणि खाली पाच ओळी: काय चुकलं, कोणी दाखवलं, काय बदललं. वर स्पष्ट लिहिलं: 'हे काम कोणी सांगितलेलं नाही, मी स्वतःहून केलंय.'

पहिलं पैशाचं काम त्या व्यापाऱ्याकडून नाही, खोकेवाल्याकडून आलं. त्याच्या एका गिऱ्हाइकाला केळीच्या वेफर्सचं पाकीट हवं होतं. साडेतीन हजार. 'याला छपाई कळते' एवढी एकच शिफारस.

म्हणून विचाराल तर तुमच्या फाइलीत पाच कामं पुरे, आणि त्यातलं एक तरी असं हवं की करताना तुम्ही घराबाहेर पडून कोणाचं तरी हसू झेललंय.

आणि तुम्ही तर शहाद्याच्या! सारंगखेडा तुमच्याच तालुक्यात. दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, लांबलांबचे व्यापारी येतात, आणि तिथल्या बोलण्यात घोड्याच्या रंगांची किती नावं असतात: अबलख, नुकरा, कुमैत, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी. या रंगांचा एक तक्ता करा. घोडेवाल्यांजवळ बसून नावं तपासून घ्या, कारण कुमैत आणि त्याच्या जवळच्या छटांवर त्यांचंच आपसात भांडण होतं. नीट काढलेली आठ-दहा चित्रं, खाली मराठीत नाव, एका मोठ्या पोस्टरवर. असा तक्ता पुण्यातल्या दहा पोरांच्या फाइलीत सापडणार नाही. चित्र काढता येतं, माहिती मांडता येते, अक्षरं लावता येतात, हे तिन्ही एका पानात कळतं.

दुसरं काम खाण्यातलं घ्या. हिवाळ्यात भरीत सेंटरवर जा आणि मेन्यूकार्ड हातात धरून बघा. लॅमिनेशनखाली तेल शिरलेलं, 'कळण्याची भाकरी' तीन प्रकारे लिहिलेली, भाव पेनाने खोडलेले. भाव दर मोसमाला बदलतात, तर ते सहज बदलता येतील असं कार्ड कसं करायचं? हे सोडवून दाखवलंत तर हॉटेलवाला पानावर थांबेल. नुसतं वांग्याचं सुंदर चित्र बघून तो पुढे सरकतो. मात्र खऱ्या दुकानाचं नाव आणि लोगो न विचारता वापरू नका. एकतर विचारा, नाहीतर नाव बदला. न विचारता केलेलं काम त्यांनीच दिल्याचं भासवलंत तर इथे चार दिवसांत कळतं. जळगाव-धुळ्यात सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात.

मराठी अक्षरांकडे तर जास्तच लक्ष द्या, कारण आपल्या भागात पुढची बरीच कामं मराठीत असतात आणि तिथेच भलेभले घसरतात. इलस्ट्रेटर किंवा जुन्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर, म्हणजे अक्षरं नीट जुळवणारी सेटिंग, चालू केला नाही तर डावीकडे यायची वेलांटी उजवीकडे जाऊन बसते. बरेच फॉन्ट आपसूक हिंदी वळणाचे ल आणि श देतात. मराठी वाचकाला पाकळीचा ल आणि देठाचा श ओळखीचा. मुक्ता, बलू हे 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट फुकट आहेत आणि धंद्यालाही वापरता येतात. तिरो देवनागरी मराठी तर नावासकट मराठीसाठीच आहे. आणि प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्रात रूपांतर करून, द्या. इथल्या पुष्कळ छापखान्यांत अजून जुनं कोरलड्रॉ सॉफ्टवेअर चालतं, त्यात युनिकोड मराठी पेस्ट केलं की जोडाक्षरांचा भुगा होतो. एआयने केलेल्या चित्रांतली देवनागरी बऱ्याचदा अक्षरासारखी दिसते पण अक्षर नसते. एका मंडळाच्या बॅनरवर मी 'गणेशोत्सव' असा वाचलाय की बाप्पालाही लागला नसता.

फुकट काम करावं का, हेही विचारलंत. माझं मत थोडं कडक आहे: धंदा करणाऱ्याचं फुकट करू नका, तो पुढच्या वेळीही फुकटच मागेल आणि वर चार जणांना तसंच सांगेल. गावातलं वाचनालय, शाळेचं गॅदरिंग, मावशीच्या मुलीची पत्रिका ही करा, पण बोलून ठेवा की दुरुस्त्या दोनदाच आणि काम मी माझ्या फाइलीत दाखवणार. आमच्याकडे आत्या सातव्यांदा फॉन्ट बदलायला सांगते आणि तुम्ही नाही म्हणू शकत नाही, तेव्हा हे आधीच बोललेलं उपयोगी पडतं.

कुठे नोकरी करत असाल तर एक सांभाळा. पगारावर असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. प्रेसमधल्या माझ्या पत्रिका मला दाखवायच्या होत्या, मालकांना विचारलं, त्यांनी साफ नकार दिला. वाईट वाटलं, पण काढून टाकल्या.

फाइल कशी द्यायची? आपल्याकडचा गिऱ्हाईक लिंक उघडत नाही. उभ्या पानांची पीडीएफ, फोनवर झूम न करता वाचता येईल अशी, चार-पाच एमबीच्या आत, व्हॉट्सॲपवर. तीच कामं बेहान्स या पोर्टफोलिओच्या वेबसाइटवरही टाका, ते फुकट आहे आणि पुण्या-मुंबईच्या एजन्सीवाले तिथेच बघतात. स्वतःची वेबसाइट आत्ता नको, तो पैसा प्रिंट काढण्यात घाला. डिजिटल प्रेसवर बारा बाय अठरा इंचांचा एक शीट काढून, घडी घालून, हातात धरलेला फोटो हा कुठल्याही तयार मॉकअपपेक्षा, म्हणजे आयत्या फोटोवर चिकटवलेल्या डिझाइनपेक्षा, मला जास्त पटतो.

राहिलं पुणं. शिकायला किंवा एखाद्या स्टुडिओत हाताखाली काम करायला जायचं असेल तर जरूर जा. पण इथे दाखवण्यासारखं काही नाही म्हणून जाऊ नका. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, तेव्हा गांधीजींनी सजावटीला शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं होतं. त्यांनी ती बांबूसारख्या तिथे हाताशी असलेल्या साहित्यातून उभी केली. फैजपूर माझ्या त्या सावद्याच्या व्यापाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि मी मात्र तिथे काचेच्या इमारतीचं चित्र घेऊन गेलो होतो.

पिवळं खोकं मी फाइलीतून अजून काढलेलं नाही, दुसऱ्याच पानावर आहे. नवीन गिऱ्हाईक बहुतेक तिथेच थांबतं आणि विचारतं, "हे असं का केलं होतं?" मग खोकेवाल्याचं हसणं सांगावं लागतं, तेवढ्यात चहा येतो, आणि भावाची बोलणी साधारण दुसऱ्या कपाला सुरू होतात.